जमिनीवरचा पाय

आमच्या भाऊजींनी जन्मात कुणाला लाथ मारलेली नाही. दुकानात मांजर शिरून कापडावर झोपलं, तर ते त्याच्या कडेकडेने खडू फिरवतात आणि म्हणतात, "उठेल तेव्हा मधलं आखू." अशा माणसाने मारामारीच्या सिनेमांत सगळ्यांत चांगली लाथ कोण मारतं याची यादी केली, तीही नंबर घालून. ती यादी अजून कुणालाच पटलेली नाही. पण ती कशापायी झाली ते मी जवळून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. पुढची खोली दुकान, मागच्या खोल्यांत आमची दोन कुटुंबं. भाऊजी कापतात आणि मशीनवर शिवतात, काजं-बटणं आणि हातशिलाई माझ्याकडे, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं काम जाऊबाईंचं, कारण भाऊजींना बोलता येत नाही. सदा तोंडात टाचण्या. त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं ओठांच्या एका कोपऱ्यातून. गिऱ्हाइकांसाठी त्यांची तीनच वाक्यं ठरलेली होती. "परवा या." "धुतल्यावर बसेल." आणि कपडा तंग झाला अशी तक्रार आली की, "माप दिल्यावर अंग भरलं असेल."

हे तिसरं वाक्य त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालं होतं, वडिलांना त्यांच्या मालकाकडून. गिऱ्हाईक ओशाळतं, आपण दोन बोटं शिलाई सोडून देतो, विषय मिटतो. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नसतं. माझी आई म्हणायची, शब्दाला विचारून बाहेर सोडावं. पण रोजच्या वाक्याला कोण विचारतं?

आमच्या रस्त्याच्या टोकाला शाळा आहे. तिच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराटेचा क्लास चालायचा आणि क्लासचे सगळे पांढरे पोशाख भाऊजी शिवायचे. वर अंगरख्यासारखा सदरा, खाली नाडीची विजार. क्लासमध्ये शाळकरी पोरंच जास्त. मोठ्या माणसांत एक होती, तिला सगळे सिस्टर म्हणत. हॉस्पिटलात नर्स, छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई. वॉर्डात एका पेशंटच्या भावाने एकदा तिचं मनगट पिरगळलं होतं. पुढच्याच आठवड्यात ती क्लासला लागली. चार वर्षांत सगळे पट्टे घेऊन झाले, फक्त काळा राहिला होता. सर म्हणायचे, तिच्याएवढी उंच किक माझ्या क्लासात कुणाची नाही.

क्लासचा कार्यक्रम होता तेव्हा आम्ही तिघंही गेलो होतो. दीडशे माणूस असेल. पहिल्या रांगेत सिस्टरची सासू, शेजारी दोन नातवंडं. सरांनी आपल्या डोक्याच्याही वर फळी धरली. सिस्टर आडवी वळली, पाय गेला, फळीचे दोन तुकडे झाले, आणि त्याच क्षणी टर्र असा आवाज आला. विजार आसनाजवळ, म्हणजे दोन पायांच्या मध्ये, वीतभर फाटली. आत काळी तंग चड्डी होती म्हणून निभावलं. पण हॉल हसला. पोरं तर एकमेकांच्या अंगावर लोळली.

सर रागाने म्हणाले, "काय हो शिंपीकाका, ही काय शिलाई झाली?"

दीडशे तोंडं भाऊजींकडे वळली. आणि भाऊजींच्या ओठांच्या कोपऱ्यातून ते बाहेर पडलं. "माप दिल्यावर अंग भरलं असेल."

हॉल पुन्हा हसला. आधीपेक्षा मोठ्याने.

सिस्टरने सदरा खाली ओढला, सरांना वाकून नमस्कार केला आणि मागच्या दाराने गेली. दुसऱ्या दिवसापासून ती क्लासला आली नाही. काळ्या पट्ट्याची परीक्षा चार महिन्यांवर आली होती.

फाटकी विजार तिने मुलाच्या हाती दुकानात पाठवून दिली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. भाऊजींनी ती टेबलावर पसरली, मापाची वही काढली आणि पट्टी लावून बसले. मग त्यांनी नाडी बाहेर ओढून उजेडात धरली. नाडीला जिथे गाठ पडते तिथे कायमची चुणी पडलेली असते. त्या नाडीवर चुणी एकाच जागी होती.

"अंग भरलं असतं तर गाठ पुढे सरकली असती," ते म्हणाले. "ही आहे तिथेच आहे. बोटभरही भरलेली नाही ती."

"मग जा आणि सांगा तिला तसं," जाऊबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"चुकलो म्हणून. आणखी काय?"

"कुठे चुकलो ते तर कळू दे आधी."

आणि खरंच कळत नव्हतं. मी दुहेरी टीप बघितली, ती शाबूत होती. दोरा एक टाकाही उसवला नव्हता. फाटलं होतं ते शिलाईच्या शेजारचं कापड. भाऊजींनी चांगला जाड दोरा वापरला होता. त्याने आपलं काम केलं आणि कापडाचा जीव घेतला. मग करायचं काय? जाड कापड घेतलं तर पाय उचलणार नाही. घोळ वाढवला तर पायात पाय अडकेल. भाऊजी चार दिवस त्या फाटक्या जागेत बोट घालून बसलेले असायचे. मी आपली सहज बोलून गेले, "सिनेमात तर माणसं लोकांच्या कानशिलापर्यंत पाय नेतात. त्यांच्या विजारी कशा नाही फाटत?"

भाऊजींनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. एवढंच पुरे होतं.

आमच्या समोर सीडीवाल्याचं दुकान. भाऊजी तिथे याआधी एकदाच गेले होते, तेही त्याच्या विजारीचं माप घ्यायला. तो म्हणाला, "या काका, भजनाच्या दाखवू का?"

"मारामारीच्या," भाऊजी म्हणाले. "ज्यात पाय जास्त असतील अशा."

सीडीवाल्याला आकाश ठेंगणं झालं. या विषयातला तो पंडित. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानात हाच वाद चालायचा, कोणाची किक एक नंबर, कोणाची दोन नंबर. त्याने मोजून सहा सीड्या दिल्या आणि कोणती आधी बघायची तेही सांगितलं.

एक ते चार दुकान बंद असतं. त्या वेळात आमच्या मधल्या खोलीत लाथा सुरू झाल्या. जाऊबाई भांडी घासता घासता ओरडायच्या, "अहो, आवाज तरी कमी करा! शेजारी म्हणतील यांच्याकडे रोज नवराबायकोचं जुंपतं!" मी काजं करायला म्हणून तिथे बसायची आणि हळूहळू माझंही काज बाजूला राहायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला गोडी लागली. आमच्याकडे लाथ म्हणजे अपमान. पायाचा स्पर्श झाला तरी आपण नमस्कार करतो. आणि इथे माणसं तो पाय असा वापरत होती, जणू आपण हाताने पान उलटतो.

भाऊजींनी नटांची नावं कधी लक्षात ठेवली नाहीत. नावं दिली ती आपल्या टेबलावरची. एक उंच गोरा हिरो होता, तो उडी मारून हवेत दोनदा फिरायचा आणि मग लाथ घालायचा. तो 'रीळ'. एक काटकुळी बाई होती, ती पाय एकदा उचलला की खाली ठेवायचीच नाही. त्याच पायाने एकाच जागी सहा-सात वेळा, टकटकटक. ती 'सुई'. एक जण उडाला की दोन्ही पाय दोन दिशांना उघडायचा आणि दोन बाजूंचे दोघे एकदम आडवे व्हायचे. तो 'कात्री'. आणि एक म्हातारा, पोट सुटलेला, घाई नाही, उडी नाही, पण त्याचा पाय जिथे पडेल तिथलं सगळं सपाट. तो अर्थातच 'इस्त्री'.

पहिल्या आठवड्यात मी आणि सीडीवाला दोघंही रीळच्या बाजूचे होतो. भाऊजी मात्र गप्प. त्यांचं चित्रच वेगळं चाललं होतं. लाथ आली की ते रिमोटने चित्र थांबवायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि मापाची पट्टी टीव्हीच्या काचेला लावायचे. मागे घ्यायचे, पुन्हा लावायचे. एकदा सीडीवाला हे बघायला मुद्दाम आला.

"काका, पाय वर आहे. तुम्ही खाली काय मोजताय?"

"वरचा पाय तू बघ," भाऊजी म्हणाले. "मी जमिनीवरचा बघतो."

"जमिनीवरचा काय करतो? तो नुसता उभा असतो."

मग भाऊजींनी त्याला समजावलं. माझ्या माहितीत ते सलग एवढं कधी बोलले नव्हते. पाय वर गेला की विजारीचं कापड वर ओढलं जातं. ते कापड येतं कुठून? दुसऱ्या पायाकडून. म्हणून उभ्या पायाच्या घोट्याजवळची कड वर चढते. ज्याची कड चार बोटं चढते, त्याला विजार मागे खेचत असते, आणि तो अर्धी ताकद आपल्याच कपड्याशी भांडण्यात घालवत असतो. ज्याची कड हलत नाही, त्याचा पाय मोकळा. "शत्रूला नंतर मारतात," ते म्हणाले, "आधी विजारीला जिंकावं लागतं."

या मापाने बघायला लागल्यावर सगळी दुनियाच उलटली. कात्रीची कड गुडघ्याकडे पळायची. सुईची हलायची, पण दोन बोटंच. इस्त्रीची एक बोट. आणि रीळचं तर वेगळंच निघालं. जवळून दाखवला की त्याच्या विजारीचा पाय रुंद, आणि हवेत दोनदा फिरला की तोच पाय अरुंद! भाऊजींनी तीनदा थांबवून दाखवलं. "उडणारा माणूस दुसरा आहे. कपडेवाल्याने त्याला दुसऱ्या मापाची विजार दिली, आणि ती चार बोटं कमी आहे."

सीडीवाल्याने कानावर हात ठेवले. "काका, देवाच्या मूर्तीला नख लावताय तुम्ही!"

"देव असता तर त्याला विजार बदलावी लागली नसती," भाऊजी म्हणाले. रीळ चौथ्या नंबरला गेला.

आणि पहिला नंबर? तो ज्याला मिळाला त्याच्यावरूनच अजून भांडणं होतात. चौथ्या सीडीत खलनायकाच्या टोळीत एक जण होता. लाल कमरपट्टा, नाव नाही, संवाद नाही. हिरोच्या वाटेत उभा राहायचा, तीन लाथा मारायचा, मग हिरो त्याला बदडून काढायचा आणि तो परत दिसायचा नाही. दुसऱ्या दोन सीड्यांतही भाऊजींनी तो शोधून काढला, एकीत पहारेकरी, एकीत खानावळीतला गुंड. तीन सिनेमे मिळून नऊ लाथा. नऊही वेळा पाय डोक्याच्या वर, आणि जमिनीवरच्या पायाची कड जिथल्या तिथे, जणू रंगवलेली.

"तो?" सीडीवाला किंचाळला. "अहो, तो मार खायला ठेवलेला माणूस आहे!"

"खातो ना मार. त्याला पगारच त्याचा असेल. पण त्याआधीच्या तीन बघ."

मी देवापुढे दिवा लावताना रोज सिस्टरची आठवण काढायची. तिचं मन पुन्हा तिथे लागू दे, एवढंच मागायची. पण दुपारी तो लाल पट्टा दिसला की मीही सिस्टरला विसरायची, हे कबूल करायला हवं. दोन महिने असे गेले. एका दुपारी जाऊबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एक विचारू? माफी मागायला कसले सिनेमे लागतात?"

भाऊजी म्हणाले, "चूक न दाखवता माफी मागणं म्हणजे काज न करता बटण लावणं. अडकणार कशात ते?"

"बरं. आणि माफी न मागता नुसती चूकच शोधत बसणं म्हणजे काय हो?"

भाऊजींनी रिमोट उचलला. जाऊबाई म्हणाल्या, "लपायला चांगली जागा सापडली आहे तुम्हाला," आणि आत गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. लाल पट्ट्याच्या तिसऱ्या सिनेमात तो पाठीवर पडतो आणि पडल्या पडल्या वरच्या माणसाला दोन्ही पायांनी उडवतो. कॅमेरा वरून. भाऊजींनी चित्र थांबवलं आणि जागचे उठलेच. "धाकटे, इकडे ये. इथे बघ." मी बघितलं आणि मान फिरवली, कारण सगळा पडदा भरून त्या माणसाचं आसनच होतं. "अगं, लाजतेस काय, कापड बघ!" मग दिसलं. आमच्या विजारीत चार तुकड्यांच्या चार शिलाया मध्ये एका टिंबावर येतात आणि सगळा ताण त्या टिंबावर बसतो. त्याच्या विजारीत तिथे टिंबच नव्हतं. मध्ये एक मोठा चौकोनी तुकडा टोकावर उभा करून बसवला होता. चार शिलाया चार कोपऱ्यांना जाऊन थांबत होत्या.

भाऊजी पट्टी घेऊन काचेला नाक लावून त्या चौकोनाचं माप घेत होते, तेवढ्यात पुढच्या दारातून कुणीतरी आत आलं. सिस्टरची सासू. पांढरे केस, हातात कापडी पिशवी, चेहरा तापलेला. तिने टीव्हीकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"माप," भाऊजी म्हणाले.

"मापंच घ्या तुम्ही! माझी सून अडीच महिने झाले रात्रीची जेवत नाही. म्हणते वजन उतरलं की क्लासला जाईन. काल वॉर्डात चक्कर येऊन पडली. पेशंटला सलाइन लावता लावता हिलाच लावायची वेळ आली. तिच्या पायाने फळी तुटते तेव्हा मी लोकांना सांगते, ही माझी सून. आणि तुम्ही दीडशे माणसांत तिला जाडी म्हणालात."

"मी जाडी नाही म्हणालो..."

"मग काय म्हणालात?"

भाऊजींच्या हातातली पट्टी लोंबत राहिली. जाऊबाईंनी बाहेर येऊन पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही. जाताना म्हणाली, "लग्नात तिचं माप तुम्हीच घेतलं होतं. तुम्हाला माहीत होतं ती तेवढीच आहे."

त्या दुपारी टीव्ही बंद झाला. भाऊजींनी कापड काढलं, चौकोन कापला, विजार शिवली आणि स्वतःच घातली. घोट्याच्या कडेला टाचणी लावली, शेजारी पायावर खडूची रेघ. मग पाय उचलून कटिंगच्या टेबलावर ठेवला. छप्पन वर्षांचा पाय, तो तिथेच अडकला. जाऊबाई म्हणाल्या, "उतरवू, की त्यावर कापड वाळत घालू?" कड अडीच बोटं चढली होती. भाऊजी तसेच एका पायावर उभे राहून विचार करत राहिले.

"सरळ कापलं मी," शेवटी म्हणाले. "चौकोन उरेब कापायला हवा."

उरेब म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकं. तिरकं कापलेलं कापड रबरासारखं ताण देतं. दुसरी विजार शिवून झाली तेव्हा भाऊजींची कंबर धरलेली होती. मग जाऊबाईंनी साडीचा पदर खोचला, विजार हिसकावली आणि पडद्याआड गेल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हसलात दोघं तर बघा." आणि पाय उचलून टेबलावर ठेवला, काही झालंच नाही असा. कड अर्ध्या बोटावर थांबली. आम्ही कुणी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी क्लासला गेले. मला सोबत नेलं. हॉलमध्ये पोरं रांगेत उभी होती, काहींचे आईबाप बाकांवर. सरांना त्यांनी काहीतरी सांगितलं आणि चप्पल काढून पोरांसमोर उभे राहिले.

"त्या दिवशी सिस्टरची विजार फाटली," ते म्हणाले. आवाज लहान होता, पण या वेळी पूर्ण तोंड उघडून बोलत होते. "मी म्हणालो तिचं अंग भरलं. ते खोटं होतं. माप बरोबर होतं, माझा कट चुकला होता. अंग भरलेलं नाही हे मला विजार हातात आली त्याच दिवशी कळलं होतं. सांगायला मी अडीच महिने लावले. हसायचं असेल तर आता हसा."

कुणी हसलं नाही. एका पोराने मात्र विचारलं, "काका, मग आमच्या विजारी?"

"त्याही चुकल्या आहेत. उद्यापासून आणून द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आली. हॉस्पिटलच्या कपड्यातच, ड्यूटी संपवून. गालाची हाडं वर आली होती. बसा म्हटलं तर बसली नाही.

"पोरांनी सांगितलं," ती म्हणाली. "काका, मी रोज आरशात बघायची. रोज. मला वाटायचं, एवढी वर्षं माप घेणारा माणूस आहे, त्याचा डोळा चुकणार नाही."

"डोळा चुकला नव्हता," भाऊजी म्हणाले. "तोंड चुकलं."

"मला अजून राग आहे."

"असू द्या."

मग तिची नजर टीव्हीवर चिकटवलेल्या कागदाकडे गेली. त्यावर यादी होती. "हे काय? सुई, इस्त्री?" मीच सगळं सांगितलं, कारण भाऊजींना घाम फुटला होता. तिने यादी दोनदा वाचली. "आणि हा एक नंबरवाला कोण? दाखवा बघू."

मी सीडी लावली. लाल पट्टा आला, त्याने आपल्या तीन लाथा मारल्या, मार खाल्ला, गेला. सिस्टर कधी खाली बसली तिला कळलंच नाही. "परत लावा." पुन्हा. "थांबवा. इथे." तिने पडद्यावर बोट ठेवलं, तेही जमिनीवरच्याच पायावर. पण कडेवर नाही, त्याच्या खाली.

"काका, कड हलत नाही ती नुसती विजारीमुळे नाही. टाच बघा. पाय उचलायच्या आधीच त्याची टाच फिरलेली आहे. टाच फिरली की कंबर उघडते, मग कापड ओढलंच जात नाही. सर मला चार वर्षं हेच ओरडून सांगतायत. माझी उशिरा फिरते."

भाऊजी वाकून बघत राहिले. अडीच महिने त्या पायाला पट्टी लावणाऱ्या माणसाला टाच दिसली नव्हती.

"म्हणजे थोडी चूक माझीही..." सिस्टर म्हणाली.

"नाही," भाऊजी म्हणाले. "टाच तुमची. वाक्य माझं."

तिने नवी विजार मागून घेतली. घालून दाखवते असं म्हणाली नाही, आम्हीही म्हटलं नाही. परीक्षेला बसणार का, हे विचारायची जाऊबाईंना खूप इच्छा होती. पण त्यांनी पहिल्यांदाच तोंडावर पदर धरला. सिस्टर निघाली तेव्हा फक्त म्हणाली, "सहा आठवडे उरलेत. बघते."

परीक्षेच्या सकाळी आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे तिचं नाव सातवं होतं. सहा जणांचं होईपर्यंत ती दिसली नाही. भाऊजींनी खिशातली मापपट्टी गुंडाळून गुंडाळून तिची वात केली. सातवं नाव पुकारल्यावर ती दारातून आली. उजव्या पायाने पहिल्याच झटक्यात फळी गेली. डाव्या पायाची पहिली लाथ फळीच्या कडेला लागली आणि फळी नुसती हलली. हॉलमध्ये कुणीतरी श्वास आत घेतला. ती मागे गेली, थांबली, टाच फिरवून एकदा जमिनीवर घासली, जणू बूट नीट बसतोय का बघतेय. मग दुसरी. फळीचे तुकडे खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला आणि मी डोळे मिटून देवाला हात जोडले. त्यामुळे पाय कुठवर गेला ते मी पाहिलंच नाही.

पट्टा मिळाल्यावर ती आमच्या रांगेवरून गेली. सरांशी बोलली, पोरांशी बोलली. भाऊजींकडे बघितलं, पण थांबली नाही.

"एक शब्द नाही बोलली," जाऊबाई कुजबुजल्या.

"ड्यूटी असेल तिला," भाऊजी म्हणाले.

ड्यूटी होतीच. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती शाळेच्या फाटकाशी उभी होती, खांद्यावर काळा पट्टा टाकलेला, हातात डबा. सासू झाकण धरून शेजारी. "हळू खा गं, बस काही पळून जात नाही," सासू म्हणत होती आणि ती उभ्या उभ्या, मोठे मोठे घास घेत, भराभरा जेवत होती. भाऊजींनी आमची वाट थोडी वळवली आणि आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने घरी आलो.